फोन टॅपिंगचा आदेश कसा तपासावा

बोलताना खरखर आली किंवा फोन विनाकारण तापला की आपले बोलणे कोणीतरी ऐकत असल्याची शंका अनेकांना येते. परंतु सरकारी टॅपिंग दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेतूनच होत असल्याने हातातल्या फोनवर त्याची खूण उमटत नाही. *#२१# फिरवून कळते ते फक्त कॉल दुसरीकडे वळवले आहेत का, एवढेच. शिवाय आदेश गोपनीय असतो, त्यामुळे खरी तपासणी रेकॉर्डिंग न्यायालयात आल्यावरच करता येते.

समजा, जालन्याच्या मोंढ्यातील एका अडत्यावर लाच दिल्याचा खटला आहे आणि दोषारोपपत्राला त्याच्या संभाषणाचा उतारा जोडला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत कागदपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात. त्या गठ्ठ्यात टॅपिंगचा मूळ आदेश आहे का, हे आधी शोधावे आणि नसल्यास वकिलामार्फत लेखी मागावा.

आदेशावरील सही प्रथम पाहावी. राज्यात हा अधिकार गृह विभागाच्या सचिवांचा आहे. तातडीच्या प्रसंगी पोलीस महानिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकृत अधिकारी टॅपिंग सुरू करू शकतो, मात्र सात कामकाजी दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची मान्यता मिळाली नाही तर ते बंद करावे लागते. त्यानंतर तारखा. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो आणि मुदतवाढ धरून १८० दिवसांपलीकडे जात नाही. आदेश ३ मार्चचा आणि उताऱ्यातला कॉल २८ फेब्रुवारीचा असेल, तर तो कॉल पेनाने खूण करून वकिलांना दाखवावा.

सर्वांत बारकाईने वाचायचे ते कारण. १८८५ च्या तार अधिनियमाचे कलम ५(२) असो वा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाचे कलम २०(२), दोन्हींत सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पहिली अट आहे, आणि कायद्यातले शब्द जसेच्या तसे उतरवले म्हणजे कारण दिले, असे होत नाही. याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली लाचखोरीच्या एका प्रकरणातले तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला होता, त्याचा आधार या निकालाला होता. अर्थात सर्व उच्च न्यायालयांचे यावर एकमत नाही, आणि ‘मकोका’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालील टॅपिंगची कार्यपद्धती निराळी आहे, तेव्हा आपला आदेश कोणत्या कायद्याखालचा, हे आधी ठरवावे.

दोष आढळल्यास मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या रहिवाशांना मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. याचिकेत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने हा आदेश तपासला का, हेही विचारावे. हे सर्व लवकर करावे, कारण गरज नसलेले टॅपिंगचे अभिलेख दर सहा महिन्यांनी नष्ट केले जातात. ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात असावी.