डायलिसिस सांगितलंय? मग कुठलं घ्यायचं ते आधी नीट समजून घ्या

क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलं की लगेच डायलिसिस असं नसतं. धाप लागणं, उलट्या, सूज, पोटॅशियम किती चढलंय, हे सगळं बघून डॉक्टर ठरवतात. पण "पुढेमागे लागेल" असं त्यांनी म्हटलं की त्याच दिवशी विचारा, हिमो की पेरिटोनियल? बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याचं नावच काढत नाहीत, थेट मशीनवर घेतात.

हिमो म्हणजे मशीनचं. साधारण आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास, शिवाय जाणं-येणं, नंबर, आणि घरी आल्यावरचा थकवा, म्हणजे तो दिवस गेलाच समजा. यासाठी हातात फिस्टुला करतात, छोटं ऑपरेशन असतं, शीर आणि धमनी जोडतात, पण ती शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला ६ ते ८ आठवडे किंवा जास्तही लागतात. म्हणून आधीच करून घ्या हो! नाहीतर ऐनवेळी मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, बसतो आणि त्यात इन्फेक्शनची भीती जास्त. फिस्टुला झाला की त्या हाताला बीपी नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही, घट्ट बांगडी-घड्याळ नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघा, मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर लगेच हॉस्पिटल, उद्यावर टाकू नका.

पेरिटोनियल म्हणजे पोटातलं, घरीच करायचं. पोटात एक मऊ नळी बसवतात, तिच्यातून बॅगेतलं डायलिसिसचं पाणी, बहुतेक वेळा २ लिटर, आत सोडायचं, ४-६ तास ठेवायचं, काढायचं, परत नवीन बॅग. दिवसाला ३-४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. रात्री झोपेत करणारं मशीनपण असतं पण महाग पडतं. गावात सेंटर नसेल, नोकरी सांभाळायची असेल तर माझ्या मते हेच बरं, फक्त घरात स्वच्छतेला कडक माणूस हवा. बॅग बदलताना दार बंद, पंखा बंद, मास्क, हात साबणाने नीट धुतलेले. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की इन्फेक्शन समजा, ती बॅग फेकू नका, सोबत घेऊन जा. आणि डायबेटिस असेल तर त्या पाण्यात ग्लुकोज असतं, शुगर चढते, इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारून घ्या.

खाण्याचं थोडक्यात. हिमोवाल्यांनी पाणी मोजूनच प्यायचं, किती ते लघवी किती होते त्यावर डॉक्टर सांगतील. आजारी माणसाला भेटायला येणारे हमखास शहाळं घेऊन येतात, ते त्यांनाच प्यायला द्या, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते चढलं तर हृदय बंद पडू शकतं. लो सोडियम मीठ तर आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पोटातल्या डायलिसिसला पथ्य जरा सैल असतं पण प्रोटीन वाहून जातं, म्हणून अंडी, डाळ, पनीर वाढवायला सांगतात.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा. जिल्हा रुग्णालयातही २०१६ पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमात गरिबांना मोफत होतं.

आणि हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) ची लस जितक्या लवकर घेता येईल तितकी घ्या, किडनी पार गेल्यावर ती नीट लागू पडत नाही.