चेतापेशी कशा बोलतात: बारा पोरं आणि ओंजळभर सरकी

चोपड्याजवळच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. चेतापेशीची आकृती पोरं वहीत छान उतरवतात आणि आठवड्यात विसरतात. म्हणून मी त्यांना मैदानावर नेते.

सरकी घ्या, पण ढोरांना घालतात ती. बियाण्याच्या पाकिटातली नको, तिला औषध चोळलेलं असतं.

सहा जणांची रांग लावा. ही एक चेतापेशी. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर थाप मारायची. ती थाप म्हणजे विजेचा आवेग. शेवटच्याच्या हातात सरकीची वाटी द्या. त्याच्यापुढे फक्कीने दोन रेघा मारा, मधे दोन पावलांची फट. खरी फट साधारण 20 ते 50 नॅनोमीटरची, केसाच्या जाडीत हजारावर मावतील अशी. पण थापेला तेवढीही ओलांडता येत नाही. तिथे रसायनच लागतं, म्हणजे आपली सरकी.

पहिल्या वर्षी थाप पोचली आणि लगेच सरकी उडाली. मी कॅल्शियमच विसरले होते! आता एक मुलगी कॅल्शियम म्हणून बाजूला उभी करते. थाप पोचली की ती उडी मारून आत येते, मगच सरकी सुटते.

पलीकडे चौघं रिकाम्या वाट्या धरून उभे, हे स्नायूवरचे ग्राही, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागा. वाटीत दाणा पडला की हात वर, म्हणजे स्नायू आखडला. बारावा भराभर वाट्या रिकाम्या करतो. तो अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज, म्हणजे फटीतलं रसायन तोडून टाकणारं विकर. नाव लांबलचक, पण खरं काम मिलिसेकंदात उरकतं.

‘फटीत सरकी असते हे कोणाला कसं कळलं?’ असं कुणीतरी विचारतंच. 1921 साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने एका बेडकाच्या हृदयाची चेता चेतवून ठोके मंद केले. त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. दोघांत एकही धागा नव्हता, होता तो फक्त द्रव. पुढे 1936 साली त्याला हेन्री डेलबरोबर नोबेल मिळालं.

आता बाराव्याला बाहेर बोलवा, खेळ तसाच चालू ठेवा. वाट्या भरलेल्या, हात वरच्या वर. ‘मॅडम, हात खाले येतच नही!’ एक जण ओरडला. 2023च्या बंदीआधी कपाशीवर फवारायचे त्या मोनोक्रोटोफॉससारखी औषधं याच बाराव्याला निकामी करतात. हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. फवारणीचा पंप बहुतेकांच्या घरात असतो.

अशी विषबाधा झाल्यावर दवाखान्यात देतात ते अ‍ॅट्रोपिन लाळ, घाम, छातीकडच्या वाट्यांवर झाकण बसवतं. स्नायूंच्या वाट्यांवर ते बसत नाही, हेही स्पष्ट सांगा. आणि फवारणीहून आलेल्याला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत घ्या.