जुन्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम बसत नाही? या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून इंदूरमध्ये आमच्या रामबागेतल्या नातेवाइकांचे फोन एकाच तक्रारीचे येतात: नवी सिस्टिम चार वेळा टाकून पाहिली, चारही वेळा अडकली. ती नेमकी कुठे अडकली, असे विचारले की मात्र कोणालाच सांगता येत नाही. अडकण्याची जागा टिपून न ठेवता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, ही माझ्या मते यातली सर्वांत मोठी चूक आहे. कारण बिघाड कशात आहे याचा निम्मा सुगावा त्या जागेवरूनच लागतो.

माझ्या मावसभावाचा कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा संगणक याचे चांगले उदाहरण आहे. त्याने पेन ड्राइव्ह बदलला, फाइल पुन्हा उतरवून घेतली, तरी काम पुरे होईना. मी शेजारी वही घेऊन बसलो, तेव्हा पहिल्यांदा ते २३ टक्क्यांवर, मग ६१ वर आणि नंतर ३८ वर थांबले. फाइल खराब असती किंवा डिस्कवरचा एखादा भाग निकामी झाला असता, तर अडथळा बहुधा दर वेळी त्याच सुमारास आला असता. जागा बदलत राहते, तेव्हा संशय रॅमवर, प्रोसेसरच्या तापण्यावर किंवा एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्यावा. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम चालवताच काही मिनिटांत लाल ओळी दिसू लागल्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसले आणि एकेक पट्टी लावून पाहिली, तेव्हा एक निर्दोष ठरली, दुसरी बादच झालेली होती. उरलेल्या २ जीबीवर लिनक्स मिंट या मोफत सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पहिल्याच प्रयत्नात बसली.

याउलट अडथळा नेहमी एकाच ठिकाणी येत असेल, तर उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारी खूण, अधिकृत आकड्याशी ताडून पाहावा आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तो 'स्मार्ट' अहवाल वाचावा. त्यात बदली केलेल्या सेक्टरांची, म्हणजे निकामी झाल्याने बदललेल्या भागांची, संख्या वाढताना दिसली, तर त्या डिस्कवर आणखी वेळ घालवू नये. सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारून लहानसा एसएसडी (चिपवर चालणारी नवी डिस्क) आणणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नसेल, तर चूक बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह तयार करतानाच झालेली असते. असा ड्राइव्ह बनवणाऱ्या रूफस या प्रोग्राममध्ये जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) आणि यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) हे पर्याय निवडून बनवलेला ड्राइव्ह निव्वळ बायोस या जुन्या पद्धतीवर चालणारे यंत्र ओळखत नाही. त्यासाठी एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) आणि बायोस हेच पर्याय निवडावे लागतात. निळ्या यूएसबी ३.० खाचेऐवजी मागच्या बाजूची काळी खाच वापरून पाहावी. विंडोजच्या फाइली नुसत्या कॉपी करून ड्राइव्ह बनवू पाहणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हमध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. यंत्र ३२ बिटचे असेल, तर उबंटू या लिनक्स सिस्टिमची डेस्कटॉप आवृत्ती त्यासाठी शोधू नये, १७.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, ती ३२ बिटमध्ये निघतच नाही.

टीपीएम या सुरक्षा चिपची अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. त्या काही यंत्रांवर चालतातही; परंतु विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या अंगभूत सूचना असाव्याच लागतात, आणि कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. तिथे कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही.

लिनक्सचा मेनू दिसून नंतर पडदा काळा होत असेल, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा असतो. मेनूवर 'ई' ही कळ दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, सलग लिहावा आणि एफ१० दाबावे. डिस्क एमबीआर पद्धतीची असल्यामुळे तिच्यावर सिस्टिम बसवता येत नाही, असा संदेश विंडोजने दाखवला, तर लोक घाईने सगळी पार्टिशने पुसतात. त्याआधी पेन ड्राइव्ह यूईएफआयऐवजी जुन्या बायोस पद्धतीने सुरू करून पाहावा. आणि पुसणे अटळच असेल, तर घरातले फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.

घड्याळाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. बायोसचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रे 'अजून वैध नाहीत' असे संगणक सांगतो, आणि आपण मात्र इंटरनेट जोडणीला दोष देत बसतो. सीआर२०३२ हा सेल पोहे-जिलेबीच्या खर्चात येतो. तो बदलल्यावर बायोसमधली बूटची क्रमवारी (आधी कोणत्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचे) आणि साटाची (डिस्क जोडण्याची) पद्धत पुन्हा तपासावी, कारण सेल काढताच त्या मूळ स्थितीला परतलेल्या असू शकतात.