अमेरिकी महापौर निवडणुकीत नकोशा राज्यनेत्यांचा हात कसा ओळखावा

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांचा महापौर नगरसेवकांमधून नव्हे, तर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि अनेक ठिकाणी कारभाराची सूत्रेही त्याच्याच हाती असतात. त्यामुळे प्रचारात घरभाडे, पोलीस, शाळा आणि बससेवा यांचीच चर्चा होते व ही निवडणूक शहरापुरती आहे असा समज होतो. प्रत्यक्षात यांतील बऱ्याच विषयांच्या किल्ल्या राज्याच्या राजधानीत असतात आणि त्या ज्यांच्या कमरेला असतात, ते गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले कार्यकारी प्रमुख) किंवा विधिमंडळातील पुढारी त्या शहरात नकोसे झालेले असू शकतात. असा पुढारी महापौरपदाच्या उमेदवाराशेजारी मंचावर क्वचितच उभा राहतो. त्याचा प्रभाव कायद्यातून, दुसऱ्याच्या नावाने होणाऱ्या खर्चातून आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून मतदारापर्यंत पोहोचतो. तेथे मतदान करणाऱ्या किंवा या निवडणुका बारकाईने पाहणाऱ्या मराठी वाचकाने तो कोठे आणि कसा शोधावा, हे येथे मांडले आहे.

सर्वांत आधी पुढारी नेमका कोठे नावडता आहे, हे निश्चित करावे. राज्यभरात बहुमताने निवडून आलेला गव्हर्नर राजधानीबाहेरच्या मोठ्या शहरात सपशेल हरलेला असणे ही अमेरिकेत नेहमीची गोष्ट आहे. म्हणून राज्यव्यापी जनमत चाचणीवर विसंबू नये. मागच्या गव्हर्नर निवडणुकीचे त्या शहराचे किंवा काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचे) निकाल काढावेत आणि जमल्यास मतदान केंद्रनिहाय आकडेही पाहावेत. निवडणूक कार्यालये ते प्रसिद्ध करतात. एकाच शहरात तो नेता काही वस्त्यांत नकोसा, तर काही वस्त्यांत हवासा आहे असे दिसले, तर त्याच्या नावाची पत्रके कोणत्या घरांत पडतील आणि कोणत्या घरांत पडणार नाहीत, याचा अंदाज तेथेच बांधता येतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वाधिक फळ तेच देते. शहराला राज्याच्या परवानगीवाचून काय काय करता येत नाही, याची यादी करावी. अमेरिकी कायद्यात शहर हे राज्याचे अपत्य मानले जाते. १९०७ साली हंटर विरुद्ध पिट्सबर्ग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांच्या सीमा, अधिकार आणि अस्तित्व यांवर राज्याचा जवळजवळ पूर्ण ताबा मान्य केला. अनेक राज्यांनी पुढे शहरांना स्वशासनाचे अधिकार दिले, तरी ते राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत आणि काही राज्यांत विधिमंडळ ते साध्या कायद्यानेही कमी करू शकते. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२३ साली केलेल्या कायद्याने कामगार, शेती, मालमत्ता अशा अनेक क्षेत्रांत राज्याच्या कायद्यापलीकडे जाणारे नियम करण्यास शहरांना मज्जाव केला. अशा वेळी महापौरपदाचा उमेदवार जे आश्वासन देतो, ते त्याच्या अधिकारात आहे की नाही, हा पहिला प्रश्न ठरतो.

मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराचे उदाहरण येथे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. आर्थिक संकटातील शहरांवर महापौर आणि परिषद यांचे अधिकार हाती घेणारा आपत्कालीन व्यवस्थापक नेमण्याचा मिशिगनचा कायदा मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमताने रद्द केला. गव्हर्नर रिक स्नायडर आणि विधिमंडळ यांनी त्यापाठोपाठ डिसेंबरमध्ये नवा कायदा आणला आणि त्यात निधीची तरतूद घातली. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार निधीची तरतूद असलेल्या कायद्याविरुद्ध सार्वमत मागता येत नाही, म्हणून ती तरतूद हाच खरा कुलूपबंद दरवाजा होता. मार्च २०१३ मध्ये स्नायडर यांनी केविन ऑर यांची डेट्रॉइटवर असा व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली, जुलैमध्ये शहर दिवाळखोरीत गेले आणि त्याच वर्षी महापौराची निवडणूक झाली. मतदार ज्या पदासाठी मत देत होते, त्या पदाचे अधिकार ऑर यांच्याकडे होते. विजयी झालेले माइक डगन यांच्या प्रचारात व्यवस्थापकाला लवकर निरोप देणे हा मोठा मुद्दा होता. स्नायडर यांचे नाव कोणत्याही मतपत्रिकेवर नसूनही त्या निवडणुकीचा विषय त्यांनीच ठरवला होता.

न्यूयॉर्क शहरात हा ताबा इतका उघडा नाही, पण तितकाच घट्ट आहे. तेथील मेट्रो रेल्वे चालवणारे प्राधिकरण राज्याचे आहे. शाळांवरील महापौराचे नियंत्रण विधिमंडळ ठरावीक मुदतीपुरतेच देते आणि मुदत संपत आली की महापौरांना राजधानी ऑल्बनीकडे धाव घ्यावी लागते. शहराचा आयकर वाढवायचा तरी राज्याची संमती लागते. याहून तीक्ष्ण अधिकार असा की गव्हर्नर महापौराला पदावरून दूर करू शकतो. १९३२ मध्ये गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी महापौर जिमी वॉकर यांची सुनावणी घेतली, तेव्हा वॉकर यांनी निकालापूर्वीच राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी तेव्हाचे महापौर एरिक अॅडम्स यांच्याबाबत हा विचार केला आणि तो बाजूला ठेवला. असा अधिकार न वापरताही तो शिल्लक आहे ही जाणीव उमेदवारांच्या बोलण्यातून उमटते. ती ऐकण्याची सवय लावून घ्यावी.

आता पैशाकडे वळावे. उमेदवाराला थेट देणगी देण्यावर बहुतेक मोठ्या शहरांत मर्यादा असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या समित्यांना ती मर्यादा उरलेली नाही. नावडत्या नेत्याला आपले नाव पुढे न करता आपले देणगीदार पुढे करता येतात, आणि तेच पाहायचे असते. घरी आलेले गुळगुळीत पत्रक उलटून तळाची बारीक अक्षरे वाचावीत. ‘खर्च कोणी केला’ त्या ओळीत शहराच्या भल्याची ग्वाही देणारे एखादे गोड नाव असेल. ते नाव शहराच्या किंवा राज्याच्या निवडणूक निधी मंडळाच्या संकेतस्थळावर शोधावे, समितीचा खजिनदार आणि पत्ता टिपावा, आणि तोच खजिनदार किंवा तोच पत्ता गव्हर्नरच्या अथवा विधिमंडळातील पुढाऱ्याच्या जुन्या समितीत सापडतो का, ते पडताळावे. त्यानंतर मोठ्या देणगीदारांची नावे दोन्हीकडे जुळवावीत. राज्याकडून कंत्राट, परवाना किंवा करसवलत हवी असलेली कंपनी शहराच्या निवडणुकीत अचानक उदार झाली, तर ते औदार्य महापौरासाठी असेलच असे नाही.

उमेदवार आणि समिती यांनी संगनमत करू नये असा नियम आहे, म्हणून ते निरोप उघड्यावर ठेवतात. उमेदवाराच्या संकेतस्थळावर एखाद्या कोपऱ्यात ‘मतदारांना हे कळले पाहिजे’ अशा थाटाचा, कोणाला उद्देशून आहे ते न कळणारा मजकूर दिसतो आणि काही दिवसांत समितीच्या जाहिरातीत जवळपास तेच शब्द ऐकू येतात. न्यूयॉर्कच्या २०२५ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) महापौरपदासाठी उतरलेले माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो यांच्या बाबतीत असाच संशय आला आणि शहराच्या निवडणूक निधी मंडळाने त्यांना प्रचारासाठी मिळणाऱ्या सार्वजनिक अनुदानातील सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम रोखली. त्यांच्या बाजूने खर्च करणाऱ्या ‘फिक्स द सिटी’ या समितीने दोन कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला होता, तरीही २०२१ मध्ये गव्हर्नरपदाचा राजीनामा द्यावा लागलेले क्युओमो प्रतिस्पर्धी जोहरान ममदानी यांच्याकडून हरले. पैसा नावाची ओळख वाढवतो. ज्याचे नाव आधीच सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याच्याविषयी मत बनून गेले आहे, त्याच्यासाठी तो फारसा उपयोगी नसतो.

पाठिंब्याच्या घोषणेत तारीख, ठिकाण आणि गाळलेले विषय हे तीनच तपशील पाहावेत. होकल यांनी ममदानी यांना पाठिंबा दिला तो जूनच्या प्राथमिक निवडणुकीनंतर जवळपास तीन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, आणि तोही वृत्तपत्रातील लेखातून. श्रीमंतांवरील आयकर वाढवण्यास मात्र त्यांचा विरोध होता. २६ ऑक्टोबरला क्वीन्समधील फॉरेस्ट हिल्स स्टेडियमवर त्या भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा श्रोत्यांनी ‘श्रीमंतांवर कर लावा’ अशा घोषणा सुरू केल्या. हा प्रसंग नीट वाचला तर प्रभावाची दिशा उलटी दिसते: पुढच्याच वर्षी स्वतः मतदारांसमोर जायचे असलेल्या गव्हर्नरला शहरातील उमेदवाराची गर्दी हवी होती आणि उमेदवाराला गव्हर्नरची सही. अशा देवाणघेवाणीत मते मिळवून देणे हा पाठिंब्याचा हेतूच नसतो. निवडणुकीनंतरच्या वाटाघाटींचे दार उघडे ठेवणे हा असतो.

नावडत्या नेत्याचा सर्वांत जोरदार वापर मात्र त्याचे विरोधकच करतात. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहराच्या परिषदेने २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन शहरात भरवण्यास नकार दिला. टेनेसीच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये चाळीस सदस्यांची ती परिषद निम्मी करणारा कायदा केला, आणि न्यायालयाने तो त्या वर्षीच्या निवडणुकीपुरता अडवला. एप्रिलमध्ये विधिमंडळाने नॅशव्हिलचे प्रतिनिधी जस्टिन जोन्स यांना सभागृहातून काढले. शहराच्या परिषदेने काही दिवसांत त्यांना परत पाठवले. त्याच वर्षीच्या महापौर निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्ष नव्हते, तरीही दुसऱ्या फेरीत रिपब्लिकन अॅलिस रोली यांच्यासमोरची वाट अवघड होती. माजी गव्हर्नर बिल हॅसलम यांच्या प्रशासनातील अनुभव आणि राज्याशी जुळवून घेण्याची भाषा एरवी जमेची बाजू ठरली असती. त्या वर्षी मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी फ्रेडी ओ’कॉनेल मोठ्या फरकाने निवडून आले. कोणी कोणाचे छायाचित्र पत्रकावर शेजारी छापले, ते पाहावे. नेत्याने दिलेला पाठिंबा आणि विरोधकाने चिकटवलेला पाठिंबा यांत मतदार फारसा फरक करत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण एकदा हात शोधण्याची सवय लागली की तो सर्वत्र दिसू लागतो. टेक्सासमधील ह्यूस्टनमध्ये २०२३ साली महापौरपद जॉन व्हिटमायर यांनी जिंकले. ते १९७३ पासून टेक्सासच्या विधिमंडळात होते, आणि रिपब्लिकनांच्या ताब्यातील राज्य सरकारशी (राजधानी ऑस्टिनशी) बोलता येणारा डेमोक्रॅट ही ओळख त्यांनी लपवली नाही, उलट मिरवली. राज्याने त्याच वर्षी ह्यूस्टनच्या शाळांचा कारभार ताब्यात घेतला होता, तरी राज्याशी जवळीक हा तेथे डाग ठरला नाही. माझ्या मते फरक असा पडतो की राज्याचा घाव कोणाच्या प्रतिष्ठेवर पडला आहे: शहराच्या निवडलेल्या परिषदेवर घाला आला की मतदार चिडतो, सेवा बिघडल्या की त्याच मतदाराला मध्यस्थ हवा असतो. त्यामुळे निष्कर्ष काढण्यापूर्वी उमेदवाराच्या स्वतःच्या चुका, प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मतदानाचे प्रमाण हे तिन्ही घटक बाजूला काढून पाहावेत.

निकालानंतरही काम संपत नाही. विधिमंडळाचे पुढचे अधिवेशन सुरू झाले की त्या शहराचा उल्लेख असलेली विधेयके शोधावीत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शहराच्या नावाने शोध घेता येतो. काही विधेयकांत नाव नसते आणि ‘इतक्या लाखांहून अधिक लोकसंख्येची शहरे’ असे वर्णन असते, ज्यात एकच शहर बसते. ते विधेयक मांडणाऱ्याच्या देणगीदारांची यादी काढून निवडणुकीच्या वेळी टिपलेल्या यादीशेजारी ठेवावी.