अ‍ॅक्सेसचा विभागलेला डेटाबेस नेटवर्कवर अनेकांनी कसा वापरावा

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधील डेटाबेस एकच माणूस वापरत असेल, तोवर सर्व काही एकाच फाईलमध्ये असले तरी चालते. पण समजा, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेव विभागात एक, वर्गणीच्या खिडकीवर एक आणि नवी पुस्तके दाखल करून घेणाऱ्यांकडे एक असे संगणक आले आणि सर्वांना त्याच सभासदांच्या व त्याच पुस्तकांच्या नोंदी हव्या आहेत. अशा वेळी ती फाईल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून सर्वांनी तिथूनच उघडण्याची पद्धत सहज पडते, आणि फाईल बिघडण्याचे प्रकारही तिथूनच सुरू होतात. त्यावरचा उपाय म्हणजे डेटाबेसचे दोन भाग करणे. फक्त टेबले असलेली बॅक-एंड फाईल सर्व्हरवर ठेवावी, आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट व कोड असलेल्या फ्रंट-एंड फाईलची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असावी. अनेक कार्यालयांत विभागणी होते, पण फ्रंट-एंडची एकच प्रत सर्व्हरवर ठेवून सर्वजण तीच उघडतात. तसे केल्यास विभागणीचा बहुतेक लाभ वाया जातो, म्हणून स्वतंत्र प्रतीचा नियम कुणासाठीही मोडू नये.

हा आग्रह का, हे अ‍ॅक्सेसच्या कामाची रीत पाहिली की कळते. सर्व्हरवर अ‍ॅक्सेसचा कोणताही प्रोग्राम चालत नसतो. तिथे केवळ फाईल असते. प्रत्येक संगणकावरील डेटाबेस इंजिन त्या फाईलमधील ४ किलोबाइटची पाने नेटवर्कवरून वाचते आणि बदललेली पाने परत लिहिते. लिहिता लिहिता जोडणी क्षणभर तुटली, तर पान अर्धवट राहून संपूर्ण फाईल उघडेनाशी होऊ शकते. म्हणून बॅक-एंड वापरणारा प्रत्येक संगणक लॅन केबलने जोडलेला असावा. वाय-फायवरून काम करणारा एखादा लॅपटॉपही सर्वांचा डेटा धोक्यात आणू शकतो. इंटरनेटमार्गे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या व्हीपीएनवरून बॅक-एंड उघडू नये, आणि वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर ती कधीच ठेवू नये, कारण तिथे प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी प्रत तयार होते आणि एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या नोंदींवर लिहिल्या जातात. फाईल ठेवलेला संगणक आणि नेटवर्क स्विच हे दोन्ही यूपीएसवर असावेत, आणि त्या संगणकाची आपोआप झोपी जाण्याची सोय बंद असावी.

विभागणीपूर्वी मूळ फाईलची प्रत वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. मग सर्वांना बाहेर पडायला सांगून मूळ फाईल स्वतःच्या संगणकावर आणावी आणि 'डेटाबेस टूल्स' या टॅबमधील 'मूव्ह डेटा' गटात 'अ‍ॅक्सेस डेटाबेस' हे बटण दाबावे. विझार्ड बॅक-एंड कुठे ठेवायची ते विचारतो. तिथे झेड किंवा वाय अशा मॅप केलेल्या ड्राइव्हचे अक्षर न निवडता, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होऊन सर्व्हरचे आणि शेअरचे नाव सांगणारा पूर्ण मार्ग टंकावा. ड्राइव्हचे अक्षर प्रत्येक संगणकावर तेच असेल याची खात्री नसते. पूर्ण मार्ग मात्र सगळीकडे सारखाच लागू पडतो. पुढे सर्व्हर बदलला, तर 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून टेबले नव्या जागी जोडून घेता येतात.

विझार्ड सर्वच टेबले बॅक-एंडमध्ये हलवतो आणि फ्रंट-एंडमध्ये त्यांच्या केवळ लिंक ठेवतो. रिपोर्टसाठी तात्पुरती भरून रिकामी केली जाणारी टेबले मात्र फ्रंट-एंडमध्येच हवीत, नाहीतर दोघांनी एकाच वेळी रिपोर्ट काढल्यास एकाची माहिती दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये मिसळते. अशा टेबलाची लिंक काढून ते टेबल फ्रंट-एंडमध्ये इम्पोर्ट करावे. कोडमध्ये नोंद शोधण्याची 'सीक' ही पद्धत वापरली असेल, तर ती जोडलेल्या टेबलांवर थेट चालत नाही, हेही त्याच वेळी तपासावे.

परवानग्यांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो. कुणीही बॅक-एंड उघडली की त्याच फोल्डरमध्ये लॉक फाईल (कोण काम करत आहे याची नोंद ठेवणारी छोटी फाईल) तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर ती पुसली जाते. म्हणून प्रत्येकाला केवळ त्या फाईलवर नव्हे, तर संपूर्ण फोल्डरवर वाचणे, लिहिणे, नवी फाईल तयार करणे आणि पुसणे या चारही परवानग्या लागतात, आणि त्या नेटवर्क शेअरच्या व एनटीएफएसच्या (विंडोजच्या डिस्कवरील फाईल-व्यवस्थेच्या) अशा दोन्ही पातळ्यांवर द्याव्या लागतात. पहिल्या माणसालाच फाईल तयार करण्याची परवानगी नसेल, तर डेटाबेस इतरांसाठी अडून बसू शकतो. विंडोज १० किंवा ११ असलेला साधा संगणकच सर्व्हर म्हणून वापरत असाल, तर त्याला एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या चालतात, हेही लक्षात असावे.

आता फ्रंट-एंडची वाटणी. मुख्य प्रत एसीसीडीई या आराखडा कुलूपबंद करणाऱ्या फाईल-स्वरूपात करून ठेवल्यास कुणाच्या हातून फॉर्मचा आराखडा बदलत नाही. मात्र ३२ बिट ऑफिसमध्ये बनवलेली एसीसीडीई ६४ बिट ऑफिसवर चालत नाही, म्हणून सर्व संगणकांवर एकच प्रकार असणे सोयीचे. ज्यांना आराखड्याचे काम करायचे नाही, त्यांच्या संगणकावर फुकट मिळणारे अ‍ॅक्सेस रनटाइम (तयार डेटाबेस केवळ चालवणारी आवृत्ती) पुरते. डेस्कटॉपवर थेट फाईल न देता एका छोट्या बॅच फाईलचा शॉर्टकट द्यावा, जी सर्व्हरवरील नवी प्रत वापरणाऱ्याच्या स्थानिक फोल्डरमध्ये उतरवून मग उघडते. त्यामुळे तुम्ही केलेली सुधारणा सर्वांपर्यंत आपोआप पोहोचते. तो स्थानिक फोल्डर 'ट्रस्ट सेंटर'मध्ये विश्वासू जागा म्हणून नोंदवावा, म्हणजे कोड अडवला जात नाही.

दोघांनी एकच नोंद बदलायला घेतली तर काय व्हावे, हे फॉर्मच्या 'रेकॉर्ड लॉक्स' या गुणधर्मावर ठरते. 'नो लॉक्स' ठेवल्यास दोघेही बदल करू शकतात, आणि नंतर साठवणाऱ्यापुढे संघर्षाची सूचना येऊन आपला बदल ठेवायचा की टाकायचा असे विचारले जाते. 'एडिटेड रेकॉर्ड' ठेवल्यास पहिला माणूस काम संपवेपर्यंत दुसऱ्याला ती नोंद केवळ वाचता येते. ग्रंथालयाच्या देवघेवीसारख्या कामात माझी पसंती पहिल्या पर्यायाला आहे, कारण सभासदाची नोंद उघडी ठेवून कुणी चहाला गेले तरी खिडकीवरची रांग थांबत नाही.

विभागणीनंतर काम संथ झाले, तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात. सुरुवातीलाच एक लपलेला फॉर्म बॅक-एंडमधील लहानशा टेबलाला जोडून उघडा ठेवावा. त्यामुळे लॉक फाईल वारंवार बनण्या-पुसण्यात जाणारा वेळ वाचतो. ज्या स्तंभांवर शोध घेतला जातो, त्यांवर इंडेक्स (शोध झटपट लागावा म्हणून ठेवलेली सूची) असावा, नाहीतर संपूर्ण टेबल नेटवर्कवरून ओढले जाते. आणि फॉर्म उघडताना सर्व सभासद न आणता, क्रमांक विचारून हवी तीच नोंद आणावी. हा तिसरा बदल फारसा केला जात नाही, तरी मोठ्या टेबलांवर त्याचा फरक चटकन जाणवतो.

बॅक-एंडची बॅकअप प्रत लॉक फाईल नाहीशी झाल्यावरच घ्यावी, कारण चालू कामात घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. प्रत घेतल्यावर 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवावे, आणि ते बॅक-एंड स्वतः उघडून चालवावे लागते. फ्रंट-एंडमधील 'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' केवळ फ्रंट-एंडलाच लागू होते. एका फाईलची मर्यादा २ जीबी आहे आणि एका वेळी २५५ वापरकर्त्यांची मुभा कागदावर असली, तरी एकाच वेळी नोंदी करणारे पंधरा-वीस जण झाले किंवा दुसऱ्या गावातील शाखा जोडायची वेळ आली, की टेबले एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेस सर्व्हरवर हलवावीत. तेव्हाही फ्रंट-एंडमधील फॉर्म आणि रिपोर्ट बहुतांशी तसेच राहतात आणि टेबलांच्या लिंक ओडीबीसी या डेटाबेस जोडण्याच्या प्रमाणित सोयीमार्गे नव्याने जोडाव्या लागतात.