गुरुवारी सकाळीही टर्की कडकच असेल तर

थँक्सगिव्हिंग, म्हणजे टर्की हा कोंबडीसारखा मोठा पक्षी अख्खा भाजून खायचा अमेरिकेतला सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, म्हणून आमंत्रण देतानाच विचारून घ्या, गुरुवार पाळता का? कधीकधी तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार असतो. खाणारी माणसं मोजली की माणशी एक पौंड धरून टर्की आणा. न खाणाऱ्यांसाठी वरण-भात आणि भरली वांगी आदल्या दिवशीच करून ठेवा. ऐनवेळी टर्की बिघडली, तर हेच जेवण सगळ्यांना पुरतं.

गोठलेली टर्की रविवारी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवा. बर्फ सुटायला दर 4 ते 5 पौंडांना 24 तास लागतात, म्हणजे 12 पौंडांच्या टर्कीला तीन दिवस. आम्ही पहिल्या वर्षी मंगळवारी रात्री आणली आणि गुरुवारी सकाळी पोटात हात घातला, तर आत बर्फच! तुमच्यावर ही वेळ आली तर घाबरू नका. घट्ट बंद पिशवीतली टर्की गार पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदला. पूर्ण गोठलेली असेल तर पौंडाला अर्धा तास लागतो. बर्फ सुटला की लगेच शिजवायची, परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही. गरम पाण्याचा मोह कृपया टाळा, त्याने आतला बर्फ तसाच राहतो आणि बाहेरच्या मांसात जंतू वाढायला लागतात.

तेवढाही वेळ नसेल तर गोठलेलीच ओव्हनमध्ये घाला. हे चालतं, फक्त दीडपट वेळ लागतो. 325 अंश फॅरेनहाइटवर 12 पौंडांना एरवी तीन तास लागत असतील, तर साडेचार धरा आणि पाहुण्यांना तसं कळवून टाका. पोटातली काळीज-गिझार्डची (पक्ष्याच्या पोट्याची) पुडी बर्फ सुटल्यावर चिमट्याने काढा. पण गोठलेली टर्की उकळत्या तेलात कधीही सोडू नका. बर्फाची वाफ होऊन तेल उसळतं आणि आग लागते.

ओव्हनच बंद पडला तर बर्फ सुटलेल्या टर्कीचे सांध्यावर तुकडे करा. मांड्यांचा जाड बुडाच्या पातेल्यात आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा होतो, आणि मला तो अख्ख्या भाजलेल्या टर्कीपेक्षा जास्त आवडतो. छातीचे तुकडे अंगणातल्या झाकणाच्या ग्रिलवर भाजा. ग्रिल गॅरेजमध्ये मात्र आणू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

मांसाचा थर्मामीटर आठवडाभर आधीच आणून ठेवा, त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. छाती आणि मांडी, दोन्हीकडे जाड भागात, हाडाला न टेकवता 165 अंश दिसले पाहिजेत. घरात आजी-आजोबा, लहान मुलं असतील तर भूक लागली म्हणून 150 वर काढू नका. एखादा तास उशिरा जेवू, पण कच्चं कुणाच्या पानात पडायला नको. भाजून झाल्यावर 20 मिनिटं तशीच ठेवा, मग कापा. छाती कोरडी झाली असेल तर कापांवर गरम सूप ओता.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडांवरून काढून उथळ डब्यांत, फ्रीजमध्ये. ते तीन-चार दिवस टिकतं. हाडं मोठ्या पातेल्यात पाणी, मिरे आणि तमालपत्र घालून रात्रीच उकळायला ठेवा. शुक्रवारी त्याच पाण्यात पुलाव करा.