गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीवर लिहिताय? या चुका टाळा

गणपती विसर्जन झालं की माझ्या टेबलावर लेख यायला लागतात. दिवाळी अंकांचे, महाविद्यालयीन स्पर्धांचे, कुणाच्या तरी भाच्याच्या प्रोजेक्टचे. बरीच वर्षं मी इतिहासाचे लेख छपाईआधी वाचून देतो आणि त्यात निदान एक तरी गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीवर असतोच. विषय उत्तम आहे. बाहेरचं साम्राज्य येऊन बसलं की शेतातल्या, देवळातल्या, घरातल्या माणसाचं काय होतं, हे मराठी वाचकाला इतक्या जवळ दुसरीकडे दिसणार नाही. पण चुका त्याच त्या. लेखक बदलतो, साल बदलतं, चूक मात्र स्वल्पविरामासकट जशीच्या तशी येते. कुठून येते ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

"गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं"

बहुतेक लेखांचं पहिलं वाक्य. मी पेन्सिलने खाली विचारतो, "कुठल्या तालुक्यावर?" लेखकाला वाटतं म्हातारा खवचट आहे. आहेच. पण प्रश्न खरा आहे.

आल्फोन्सो द अल्बुकर्कने 1510 च्या नोव्हेंबरमध्ये आदिलशहाकडून घेतलं ते गोवा बेट, म्हणजे तिसवाडी. बार्देश आणि सासष्टी कायमच्या हाताशी आल्या 1543 मध्ये. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, केपे, सांगे, काणकोण या नव्या काबिजादी 1763 ते 1788 या काळात आल्या. हिशेब करा. 1961 पर्यंत तिसवाडी 451 वर्षं, फोंडा 198, पेडणे 173. पेडण्याच्या माणसाचं आणि पणजीच्या माणसाचं पारतंत्र्य एका मापाने कसं मोजणार?

हा नुसता आकड्यांचा काथ्याकूट नाही. देवळं पाडणं, सक्तीची धर्मांतरं, मूर्ती घेऊन रातोरात पळणं हे सगळं जुन्या काबिजादींत घडलं, मुख्यतः 1540 ते 1570 च्या दरम्यान. लोक पळाले ते खाडी ओलांडून फोंड्याच्या बाजूला, कारण तिथे पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दोन शतकांनी फोंडा पोर्तुगिजांच्या हाती आला तेव्हा ते दिवस सरले होते. धर्मांतराच्या कामात पुढे असलेल्या जेझुइट पाद्र्यांना खुद्द पोर्तुगीज सरकारनेच 1759 मध्ये हाकललं होतं, आणि नव्या मुलखातल्या लोकांचे धर्म-रिवाज राखण्याचं वचन देऊन कारभार सुरू झाला.

एकदा कवळ्याच्या देवळात एका सहलीचा गाईड ऐकला. "पोर्तुगिजांनी सगळी देवळं पाडली, पण देवीच्या कृपेने हे वाचलं." चाळीस माणसांनी हात जोडले. आजचं ते देऊळ उभं राहिलं 1738 च्या सुमारास, छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने आणि पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर. देवीची कृपा असेलच, पण अलीकडच्या आणि पलीकडच्या राज्यांमध्ये नदी होती, हेही सांगायला हरकत नव्हती.

माझी सवय सांगतो. लेखातल्या प्रत्येक "पोर्तुगिजांनी" या शब्दावर मी गोल करतो आणि समासात तीन गोष्टी मागतो: कुठला तालुका, कुठलं साल, झळ कुणाला. तिन्ही भरता आल्या नाहीत तर वाक्य जातं. कंटाळवाणं काम आहे. नवशिके याच पायरीवर उडी मारतात आणि पुढे जाऊन आपटतात.

साष्टी की सासष्टी?

ही माझी लाडकी चूक, कारण ती माझ्या हातून छापली गेलेली आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका अंकासाठी एका मुलाचा लेख आला. मुलगा हुशार, लिहिणं झकास, पण पायाला भिंगरी. विषय होता राज्य बदलल्यावर सासष्टीतल्या गावांचं काय झालं. त्याने इंग्रजी मजकुरात "साल्सेट" दिसेल ते सगळं टिपून घेतलं आणि सालवार लावलं. ओळीने वाचायला इतकं गोड की शंका येऊ नये. 1737 मध्ये मराठ्यांनी ती घेतली. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतली. 1782 च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडेच राहिली. शेवटी त्याने मडगावच्या बाजारावर इंग्रजी अंमलाचा काय परिणाम झाला असावा, याचं अर्धं पान अंदाजपंचे लिहिलं.

माझ्याकडे त्या आठवड्यात लेखांचा ढीग होता. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पुढे पाठवला.

अंक बाहेर पडल्यावर चौथ्या दिवशी मडगावहून एका गृहस्थांचा फोन. आवाज अगदी मऊ, भाषा कोकणी. "आमी इंग्रेजांचे आशिल्ले, हें आमकांच खबर ना!" मला आधी कळेचना. मग अंक उघडला आणि घाम फुटला. मुलाने ठाण्याची साष्टी उचलून मडगावात नेऊन ठेवली होती. ठाण्याचा किल्ला, घोडबंदर, वांद्रे जिच्यात येतात ती साष्टी. मडगाव, राशोल, कुडतरी जिच्यात येतात ती सासष्टी. दोन्ही नावांचं मूळ सहासष्ट गावांत सांगतात, दोन्ही पोर्तुगिजांकडे होत्या, दोन्हींना त्यांच्या कागदांत एकच नाव. गोंधळ व्हायला आणखी काय हवं? वर 1739 मध्ये व्यंकटराव घोरपड्यांची फौज खरोखरच गोव्याच्या सासष्टीत घुसली होती, मडगाव काही काळ मराठ्यांच्या हातात होतं. म्हणजे मुलाची चूक शंभर टक्के चूकही नव्हती, आणि अशीच चूक नजरेतून निसटते.

यात नावापलीकडचं नुकसानही आहे. ठाण्याच्या साष्टीवरचं पोर्तुगीज राज्य दोनशे वर्षांत संपलं. तिथले ख्रिस्ती पुढे मराठ्यांखाली आणि मग इंग्रजांखाली राहिले, घरात मराठीची बोली टिकवून. गोव्याच्या सासष्टीत तीच सत्ता 1961 पर्यंत बसून होती. जित लोकांवरचा परिणाम बघायचा तर हे दोन मुलूख शेजारी ठेवून बघावेत, इतके ते वेगळे आहेत. आणि आपण त्यांची खिचडी करतो.

उपाय साधा आहे. नाव एकटं कधी वाचू नका, त्याचे शेजारी बघा. पानावर वसई, ठाणे, वर्सोवा असेल तर उत्तरेची. राशोल, वेर्णे, बाणावली असेल तर गोव्याची. शेजारी कुणीच नसेल तर तो उतारा वापरू नका, कितीही आवडला तरी. त्या दिवसापासून मी या दोन शब्दांखाली दोन रंगांच्या पेन्सिलींनी रेघ मारतो. मुलं हसतात. हसू देत.

"पोर्तुगिजांनी गावकरी मोडून टाकली"

गावकरी म्हणजे इथे गावातली माणसं नव्हेत, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकरांची संस्था. ती मोडली नाही, उलट त्यांनी ती लिहून काढली. 1526 मध्ये आफोन्सो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज नोंदवले: गावकर कोण, जमीन लिलावाने कशी द्यायची, सारा भरून उरलेलं कसं वाटायचं. गावकऱ्या राहिल्या कारण त्यांच्यामार्फत सारा आयता हातात पडत होता. नव्या धन्याला गावातला बांध कुणी घालायचा हे थोडंच ठाऊक होतं? खाजन जमीन खाऱ्या पाण्यापासून राखणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम होतं.

बदल आत झाला. देवळांच्या आणि देवाच्या चाकरीतल्या लोकांच्या ज्या नामशीच्या जमिनी होत्या, त्यांचं उत्पन्न देवळं पाडल्यावर चर्चकडे वळवलं गेलं. 1541 मध्ये तिसवाडीच्या गावकरांकडून त्याला संमतीही घेण्यात आली. ती कितपत राजीखुशीची होती, तुम्हीच ठरवा. म्हणजे भट, देवळी, कलावंत, वाजंत्री यांचं पोट एका कागदाने तुटलं आणि गावकर मात्र आपल्या जागी राहिला, बाप्तिस्मा घेतला तर जास्तच पक्का. "गोमंतकीय जनता भरडली गेली" असं एक गुळगुळीत वाक्य टाकून हे सगळं झाकलं जातं. कुणी भरडलं गेलं, कुणी तरलं, आणि काहींनी चांगलं साधून घेतलं. सतराव्या शतकातही कर गोळा करायचे मक्ते घेणारे बहुतांश हिंदू व्यापारीच होते. हे लिहिलं की काही संपादकांच्या कपाळावर आठी पडते. पडू द्या.

कुंकळ्ळी एका बाजूने लिहिणं

1583 च्या जुलैमध्ये सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. त्यांच्यातला रुदोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आलेला. या पाचांची नावं, गुण, शेवटचे शब्द सगळं मिळतं, कारण लिहिणारे त्यांचे होते. 1893 मध्ये रोमने त्यांना धन्य म्हणून घोषितही केलं. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला बोलावून मारलं. त्यांच्याबद्दल लेखात एक ओळ. का? तर शोधल्यावर पहिल्या पानावर एवढंच सापडलं.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि "भारताचा पहिला स्वातंत्र्यसंग्राम" असा मथळा देतात. त्या लोकांपुढे भारत नव्हता, गाव होतं: पाडलेलं देऊळ आणि लादलेला सारा. गावाचं दुःख छोटं वाटतं म्हणून त्याला देशाचा अंगरखा चढवायची गरज नाही.

मी या विषयावर लिहिणाऱ्याला आधी फातर्प्याला जाऊन यायला सांगतो. कुंकळ्ळीची देवी तिथे हलवली गेली, आणि आजही शिगम्याच्या दिवसांत तिथून कुंकळ्ळीला छत्र्या येतात. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकर घराण्यांच्या, बारा छत्र्या, लाल-पांढऱ्या, गुलालात न्हालेल्या. लोक धावत, नाचत देवीच्या मूळ जागी जातात. त्यात ख्रिस्ती गावकरही असतात. धर्मांतराने माणूस गावापासून तुटला, असं लिहायचं ठरवून गेलेल्या लेखकाला तिथे जरा थांबावं लागतं.

बारीकसारीक

"कानारिम" म्हणजे कानडी नव्हे. पोर्तुगीज गोव्यातल्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला तसं म्हणत. राशोलला 1640 मध्ये छापलेलं "कानारिम" भाषेचं व्याकरण कोकणीचं आहे. मशीन भाषांतरावर विसंबलेल्या तीन लेखकांनी ते कन्नडचं करून टाकलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

पोर्तुगीज नावातला शेवटचा "म" बहुतेकदा नाकातला स्वर असतो आणि "एक्स"चा उच्चार "श". कंकोलिम, पंजिम, क्वेलोसिम असं मराठीत लिहू नका, गावांना नावं आहेत.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ते 1812, मध्ये 1774 ते 1778 बंद. व्हॉट्सअॅपवर फिरणारे लाखांचे आकडे वापरू नका. ती बंद झाल्यावर बरीचशी दफ्तरं नष्ट केली गेली. उरलेल्या यादीत 1774 पर्यंत सोळा हजारांहून जास्त खटले आहेत. तेवढे पुरेसे भयंकर आहेत. शिवाय चिता मोजत बसू नका. 1559 च्या हुकुमाने पोरक्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या ताब्यात द्यायचं ठरलं, आणि पुढे आई जिवंत असली तरी मूल पोरकंच धरलं गेलं. नवरा गेल्याच्या रात्रीच मुलं घेऊन होडीत बसणारी बाई कुठल्याही यादीत नाही.

"पोर्तुगिजांनी कोकणीवर बंदी घातली" हे अर्धंच. 1684 मध्ये विजरई कोंद द आल्व्होरने तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढला, खरं. पण त्याआधी त्यांच्याच पाद्रीलोकांनी इथल्या भाषा घोटून घेतल्या होत्या. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 चं आहे, मराठी ओव्यांत, रोमन लिपीत छापलेलं, आणि ते लिहिलं गेलं कारण बाटलेल्यांना पुराण ऐकायची सवय सुटत नव्हती. हुकमाचं साल लिहिता, तर तीन वर्षांनी लोक काय बोलत होते तेही लिहा. मडगावच्या त्या गृहस्थांनी मला कुठल्या भाषेत झापलं ते वर आलंच आहे.

आणि शेवटच्या परिच्छेदात मिरची, काजू, बटाटा, पाव यांची यादी देऊन "असो, काही चांगलंही झालं" असं म्हणू नका. मी ती यादी न वाचताच खोडतो.